जुन्या जहाजापर्यंतची वाट

जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरणारा रस्ता मांडवीच्या पाण्यापाशी संपतो. दिवाडीला जाणारी फेरीबोट तिथल्या काँक्रीटच्या उतारावर आपली लोखंडी फळी टाकते आणि मोटारी, स्कूटर, शाळकरी मुले, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे एकाच फळीवरून आत जातात. ओहोटी असली की बोट उतारावर खाली लागते, भरती असली की वर लागते. पाण्याची उंची बदलली तरी माणसाला पायरी चढावी लागत नाही. माझ्या आईची चाकांची खुर्ची मी या उतारावरून अनेकदा नेली आहे. शेवाळ धरलेल्या भागात चाके मागे सरकू लागतात, तेव्हा फेरीवरचा एखादा कामगार न सांगता पुढून हात लावतो. उतार हवा त्यापेक्षा तीव्र आहे आणि ओलाही आहे, पण त्यामागची कल्पना मला फार महत्त्वाची वाटते, कारण पाणी, बोट आणि माणूस या तिघांचा विचार तिथे एकदमच केलेला आहे. जुने जहाज आणि त्याची गोदी लोकांसाठी खुली करायची असेल, तर विचाराची सुरुवात याच रीतीने व्हावी लागते.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. जहाज जुने आहे, लोकांना ते पाहायचे आहे, तेव्हा एक जिना लावावा, कठडा बसवावा आणि तिकीट ठेवावे. पण जहाज ही इमारत नाही. इमारत उभी राहण्यासाठी बांधलेली असते, जहाज तरंगण्यासाठी बांधलेले असते. पाण्यात असताना त्याच्या बुडालेल्या अंगाला सर्व बाजूंनी आधार मिळतो. तेच जहाज सुक्या गोदीत, म्हणजे ड्राय डॉकमध्ये आणून पाणी उपसले की त्याचा सगळा भार तळाच्या कण्याखाली ठेवलेल्या ठोकळ्यांवर आणि बाजूंच्या टेकूंवर येतो. कणा दबतो, फासळ्या हळूहळू बाहेर फाकतात, फळ्यांचे सांधे उघडतात. हा बदल वर्षानुवर्षे चालतो आणि डोळ्यांना दिसत नाही. पोर्ट्समथ येथील ‘व्हिक्टरी’ हे 1765 साली पाण्यात उतरवलेले लाकडी लढाऊ जहाज 1922 पासून सुक्या गोदीत आहे. अलीकडच्या काळात त्याला 134 नवे टेकू द्यावे लागले आणि कोणत्या टेकूवर किती भार येतो हे मोजण्याची सोय त्यांतच करण्यात आली. मला यातली पुढची गोष्ट अधिक भावते. हे टेकू लावल्यावर गोदीच्या तळाशी प्रेक्षकांसाठी वाट करता आली आणि लोक जहाजाच्या पोटाखालून चालू लागले. दुरुस्तीसाठी केलेल्या कामातूनच पाहण्याची एक नवी जागा तयार झाली.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा लागतो की, या जहाजाचे अंग काय सोसू शकते? याचे उत्तर प्रत्येक जहाजागणिक वेगळे येते. गोव्यातील होडी इनोव्हेशन्स या कंपनीने बांधलेले आणि 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेले आहे आणि त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. ते नवे असले तरी त्याची बांधणी जुनी आहे. शिवलेली फळी लवते, लाटेबरोबर थोडी हलते आणि तेच तिचे बळ असते. अशा जहाजाला कठडा लावण्यासाठी स्क्रू पिळणे म्हणजे त्याच्या बांधणीचे तत्त्वच मोडणे होय. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेले आणि 1817 साली पाण्यात उतरवलेले ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. दोनशे वर्षे टिकलेल्या त्या सागवानाचे गुण वेगळे आणि दुखणीही वेगळी. लोखंडी जहाजाची गोष्ट तर याहून निराळी, आणि ती थोडी सविस्तर सांगायला हवी.

कांदोळीच्या किनाऱ्यावर 2000 सालच्या जूनमध्ये रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे खनिजवाहू जहाज गोव्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षे पाहिले. दर पावसाळ्यानंतर त्याचा रंग अधिक तांबडा झालेला दिसे, पत्रे पापुद्रे धरून सुटत आणि कडांना भोके पडत. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते, हे आम्हाला प्रयोगशाळेत जाऊन शिकावे लागले नाही. समुद्राच्या पाण्यात राहिलेल्या लोखंडाच्या आत मीठ, नेमके सांगायचे तर क्लोराइड, शिरलेले असते. जहाज पाण्याबाहेर काढले, घासले, रंगवले तरी ते आतच राहते, हवेतील ओलावा ओढून घेते आणि गंजण्याची क्रिया चालू ठेवते. ब्रिस्टलच्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाच्या बाबतीत हेच झाले. इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल याने आखलेले आणि 1843 साली पाण्यात उतरवलेले हे लोखंडी जहाज शेवटी फॉकलंड बेटांजवळ टाकून दिले गेले होते. 1970 साली ते एका तराफ्यावर चढवून ओढत आणले आणि ज्या गोदीत ते बांधले गेले त्याच गोदीत परत ठेवले. पुढे अभ्यास झाला तेव्हा कळले की हवेतील आर्द्रता साधारण 20 टक्क्यांपर्यंत खाली आणली तरच या गंजाला आवर घालता येतो.

तिथे काढलेला तोडगा या विषयातला सर्वांत सुंदर तोडगा आहे असे मी मानतो. जहाजाच्या पाणरेषेच्या उंचीवर गोदीच्या काठापासून जहाजापर्यंत काचेचे छत घातले आणि त्या काचेवर पाण्याचा पातळ थर ठेवला. वरून पाहणाऱ्याला जहाज पाण्यात उभे असल्यासारखे दिसते. काचेखाली गोदीची पोकळी बंद खोलीसारखी झाली, तिथे यंत्रांनी कोरडी केलेली हवा जहाजाच्या तळाभोवती फिरवली जाते आणि प्रेक्षक खाली उतरून त्याच कोरड्या हवेत जहाजाचा गंजलेला, भोके पडलेला तळ जवळून पाहतात. 2005 पासून लोक तो असा पाहत आहेत. जे काचेचे छत जहाजाला जगवते, त्याच छताने प्रेक्षकाला दोन जागा दिल्या आहेत, वरची आणि खालची. संरक्षण आणि प्रवेश यांचे भांडण असते असे आपण गृहीत धरतो; इथे एकाच बांधकामाने दोन्ही कामे केली आहेत.

हीच युक्ती गोव्यात उचलून आणता येणार नाही. पावसाळ्यात इथल्या हवेची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते आणि ती 20 टक्क्यांवर आणून बारा महिने तशीच राखायची तर विजेचा खर्च जहाजाच्या देखभालीला पुरून उरेल. लाकडी जहाजाला तर इतकी कोरडी हवा अपायच करते, लाकूड आकसते आणि चिरते. लाकडाला साधारण पन्नास-साठ टक्क्यांमधली आणि मुख्य म्हणजे दिवसागणिक न बदलणारी आर्द्रता मानवते. या स्थिरतेला सर्वांत मोठा धक्का कोण देतो? प्रेक्षक. शांत उभा असलेला माणूस श्वास आणि घामावाटे तासाला सुमारे 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे शंभर माणसांचे तासाभरात पाच लिटर. त्यात भिजलेल्या छत्र्या, रेनकोट आणि ओली पादत्राणे धरलेली नाहीत. स्टॉकहोममधील ‘वासा’ हे 1628 साली बुडालेले आणि 1961 साली वर काढलेले जहाज याचे उदाहरण आहे. 2000 सालचा तिथला उन्हाळा पावसाचा होता, ओल्या कपड्यांतील गर्दी संग्रहालयात आली, आतली आर्द्रता वर-खाली झाली आणि लाकडावर जागोजागी आम्लयुक्त क्षारांचे पांढरे-पिवळे डाग उमटले. त्यानंतर तिथली हवा सांभाळणारी यंत्रणा सुधारावी लागली.

याला आपल्याकडचे उत्तर आपल्या घरांतच आहे. गोव्यातल्या जुन्या घराला बल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची छपराखालची जागा, असतो. पावसातून आलेला माणूस तिथे छत्री मिटतो, पाय पुसतो, सोप्यावर दोन क्षण टेकतो आणि मग आत येतो. गोदीच्या प्रवेशापाशी असाच प्रशस्त, छप्पर असलेला आणि तिन्ही बाजूंनी वारा खेळणारा भाग हवा, जिथे लोक निथळतील, तिकीट घेतील, बसतील, आणि त्यानंतर एकामागोमाग एक अशा दोन दारांतून बंद भागात जातील, म्हणजे दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहणार नाहीत. पावसाळ्याच्या ऐन दिवसांत जहाजाच्या आतला भाग बंद ठेवायलाही हरकत नसावी. 1 जून ते 31 जुलै असे मासेमारीबंदीचे 61 दिवस आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांच्या झापांखाली ठेवण्याची रीत इथे जुनी आहे. पावसात होडीने विसावा घ्यावा हे इथल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. संग्रहालयाच्या वेळापत्रकानेही ते मान्य करावे आणि त्या काळात आत दुरुस्ती, बाहेर गोदी आणि काठावरची प्रदर्शने चालू ठेवावीत.

आता वाटेकडे येऊ. पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजावर जाण्यासाठी धक्क्यापासून पूल टाकावा लागतो, त्याला गँगवे म्हणतात. गोव्यात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीमधला फरक सुमारे दोन मीटरचा असतो. चाकांची खुर्ची स्वतः ढकलत नेणाऱ्या माणसासाठी भारतातील मार्गदर्शक नियम एकास बारा असा उतार सांगतात, म्हणजे एक मीटर उंचीसाठी बारा मीटर लांबी. भरतीच्या वेळी पूल सपाट ठेवला तर ओहोटीला जहाज दोन मीटर खाली जाते आणि पूल 24 मीटर लांब लागतो. हा आकडा ऐकून बहुतेक ठिकाणी चाकांच्या खुर्चीचा विचारच सोडून दिला जातो. पण धक्क्यावर एक स्वतंत्र ओटा अशा उंचीवर बांधला की पाणी मधल्या पातळीवर असताना पूल सपाट होईल, तर जहाज त्या ओट्यापेक्षा फार तर एक मीटर वर किंवा एक मीटर खाली जाईल आणि बारा मीटरचा पूल पुरेल. ओट्यावर चढण्यासाठी धक्क्यावर उतार लागेल, पण तो जमिनीवर आहे, वळवता येतो, त्याला विसाव्याच्या जागा देता येतात. अवघड काम जहाजावरून उचलून जमिनीवर आणणे, ही या सगळ्या रचनेची गुरुकिल्ली आहे.

पुलाचे जहाजाकडचे टोक जहाजाला घट्ट बांधू नये, ते चाकांवर किंवा सरकणाऱ्या पट्टीवर टेकलेले असावे, म्हणजे जहाज हलले तरी त्याच्या फळीला ओढ बसणार नाही. आत शिरण्यासाठी नवे दार कापू नये. प्रत्येक जहाजाला माल चढवण्याची, माणसे घेण्याची, तोफांची किंवा हवेची मूळ तोंडे असतात, त्यांतलेच एखादे वापरावे. डेकवरच्या झाकणांभोवती लाटेचे पाणी आत येऊ नये म्हणून उंच काठ असतो. तो कापून सपाट करण्याचा मोह होतो, पण त्यावरून जाणारी आणि नंतर उचलून नेता येणारी लाकडी चढण ठेवली की काम भागते. ज्या वस्तू उद्या काढल्या असता जहाजावर एकही खूण राहणार नाही, अशाच वस्तू त्यावर ठेवाव्यात.

गर्दीचा भार हा वेगळा विषय आहे. माणसे दाटीने उभी राहतात अशा जागेसाठी आपल्या बांधकामाच्या मानकांत चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरतात, घराच्या खोलीसाठी धरतात त्याच्या अडीचपट. जुना डेक त्यासाठी बांधलेला नसतो. शिवाय तरंगते जहाज कलते. सिंकेरी किंवा कोको बीचहून डॉल्फिन पाहायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल की डॉल्फिन एका बाजूला दिसला की सगळे तिकडे धावतात आणि बोट झुकते. म्हणून एका वेळी डेकवर किती माणसे असावीत याचा आकडा जहाजाची तपासणी करणाऱ्या अभियंत्याने ठरवावा, तिकीट विकणाऱ्याने ठरवू नये, आणि पाहण्यासारख्या गोष्टी दोन्ही बाजूंना वाटून मांडाव्यात.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. जहाजाचे खालचे मजले सर्वांना देता येणार नाहीत. तिथे जिने शिडीसारखे उभे असतात, तुळया डोक्याला लागतात, वाटा खांद्याएवढ्या अरुंद असतात. तिथे लिफ्ट बसवायची तर एकावर एक असलेले डेक भोसकावे लागतात आणि जहाजाच्या ताकदीचा एक भाग कायमचा निघून जातो. काही ठिकाणी पूर्वीच्या दुरुस्तीत बदललेल्या, मूळ नसलेल्या भागात लिफ्ट बसवता येते आणि तशी जागा असेल तर ती जरूर शोधावी. नसेल तर? इथे गोदी मदतीला येते, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत कमी वापरली जाणारी शक्यता हीच आहे.

सुक्या गोदीच्या दगडी भिंतींना खालपर्यंत पायऱ्या असतात, पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या मंगेशीच्या तळीसारख्या वाटतात. पण त्या माणसांच्या पावलांसाठी नाहीत. जहाजाला आडवे टेकू देण्यासाठी आणि कामगारांना उभे राहण्यासाठी त्या केलेल्या असल्याने त्या उंच असतात आणि निसरड्या होतात. लोकांना त्यांवरून उतरवू नये. गोदीत स्वतःच्या पायांवर उभा असलेला, भिंतीला न टेकणारा लिफ्टचा हलका मनोरा आणि त्याच्याभोवती जिना उभारला, तर एकच उभी वाट गोदीचा तळ, धक्क्याची पातळी आणि जहाजाचा डेक या तिन्ही ठिकाणी पोहोचवते. सुक्या गोदीत जहाज भरती-ओहोटीबरोबर हलत नसल्याने मनोऱ्यापासून डेकपर्यंतचा पूल कायम सपाट राहतो. मनोरा नदीकडून दिसणाऱ्या बाजूला नको, जमिनीकडच्या बाजूला असावा, म्हणजे जहाजाची मूळ आकृती झाकली जाणार नाही. या बाबतीत फार जपावे लागते. ग्रीनिचचे ‘कटी सार्क’ 2007 सालच्या आगीनंतर तीन मीटरहून अधिक उंच उचलून 2012 साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या तळाखालून आता कोणालाही सहज चालता येते, पण त्याच्या कमरेभोवतीच्या काचेच्या छताने बाहेरून त्याची रेषा मोडली, अशी टीकाही झाली, आणि ती मला पटते.

गोदीच्या तळाशी उभे राहिले की जहाज प्रथमच पूर्ण दिसते. सुकाणूची उंची, तळाची गोलाई, फळ्यांचे जोड, पाण्याने खाल्लेल्या कडा हे सारे डेकवर उभ्या असलेल्या माणसाला कधी दिसत नाही, आणि इथे येण्यासाठी चाकांच्या खुर्चीला एकही पायरी लागत नाही. ‘वासा’ पाहायला जाणाऱ्या लोकांना जहाजात पाऊलच ठेवता येत नाही. ते तळापासून वरच्या टोकापर्यंतच्या मजल्यांवरून ते पाहतात आणि त्याच्या एका डेकची पूर्ण आकाराची प्रतिकृती बाजूला उभारलेली आहे, तिच्यात मात्र ते शिरू शकतात. खालच्या डेकवर जाता न येणाऱ्या माणसासाठी गोदीत तशीच एक खोली उभारावी, तीच उंची, तोच अंधार, तोच डांबर आणि काथ्याचा वास, आणि तीत दृष्टी नसलेल्या माणसाला हात लावता येतील असे दोर, खिळे, फळीचे जोड ठेवावेत. ही खोली फक्त खुर्चीवरच्या लोकांसाठी म्हणून वेगळी काढू नये, सगळ्यांची वाट तिच्यातून जावी.

गोव्यात गोदी खुली करताना पाण्याचा हिशेब आधी करावा लागेल. शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा गोदीत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो पडतोच, तर दोन लाख लिटर पाणी साचते, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. दारातून झिरपणारे नदीचे पाणी त्याहून वेगळे. उपसा पंप दोन असावेत, वीज गेली तरी एक चालावा, लिफ्टचे यंत्र खड्ड्यात न ठेवता वर असावे आणि लिफ्ट बंद पडली तर खाली असलेल्या खुर्चीवरच्या माणसाला कसे वर आणायचे याचा सराव कर्मचाऱ्यांनी दर महिन्याला करावा. जहाजाकडे पाहणारे कठडे दगडाच्या काठात भोके पाडून रोवण्याऐवजी जड तळावर उभे करावेत. काठावरच्या जुन्या लोखंडी कड्या, दोरांनी पडलेल्या खाचा, पंपघर हे गोदीचे भाग जसेच्या तसे ठेवावेत, कारण तिथे राबलेल्या माणसांची खूण म्हणून बहुधा एवढेच उरलेले असते.

1961 सालच्या डिसेंबरात मुरगाव बंदरात लढलेले पोर्तुगीज जहाज ‘अफोंसो द अल्बुकर्क’ पुढे भंगारात गेले. त्याच वेळी गोव्याच्या समुद्रात असलेली ‘विक्रांत’ 2001 पासून मुंबईत संग्रहालय म्हणून पाण्यावर होती, 2012 साली सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद झाली आणि 2014 साली तिची मोडतोड सुरू झाली. ज्या जहाजाला स्वतःची गोदी नाही, त्याची देखभाल आणि प्रवेश दोन्ही दिवसेंदिवस महाग होत जातात. पुढे कधी गोव्यात एखादे जहाज लोकांसाठी ठेवायचे ठरले, तर जहाजाआधी गोदीची जागा ठरवावी, असे मी आवर्जून सांगेन.

आणि दगडाला हात लावण्याआधी एक काम करावे. बांबू, प्लायवूड आणि भाड्याच्या पाइपांनी संपूर्ण वाट महिनाभरासाठी खरोखर उभारावी, ओटा, पूल, लिफ्टच्या जागी तात्पुरता उतार, सगळे. 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव झाला, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीने, पांढऱ्या काठीने, खुणांच्या भाषेने शहर वापरणारी माणसे इथे उघडपणे आपले म्हणणे मांडू लागली आहेत. त्यांना आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना, कडेवर मूल घेतलेल्या आयांना त्या वाटेवरून एकदा भरतीला आणि एकदा ओहोटीला न्यावे, कुठे हात धरावा लागला ते फळीवर खडूने लिहावे, आणि त्या खुणा पाहूनच नकाशा पुन्हा काढायला बसावे.